महापौरांच्या खर्चाची एक फाईल शेवटपर्यंत कशी तपासायची

आमच्या घरासमोरच्या मैदानावर महापौर चषक कबड्डी स्पर्धा तीन दिवस चालली. शुक्रवारी संध्याकाळी उद्घाटन, रविवारी रात्री बक्षीस समारंभ, आणि सोमवारी सकाळी आठ वाजता मंडपवाल्याचा टेम्पो बांबू भरून गेलासुद्धा. हे सगळं मी गॅलरीतून पाहिलेलं. पुढे महापालिकेत फाईल बघितली तर मंडप, खुर्च्या आणि लाइट यांचं बिल पाच दिवसांचं. एसटीच्या डेपोत लेखा विभागात माझी एकोणतीस वर्षं गेली, त्यामुळे व्हाउचर उलटसुलट करून बघायची सवय अंगात मुरलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या मागच्या गल्लीत दिवसाआड पाणी येतं, आणि इथे न वापरलेल्या दोन दिवसांच्या खुर्च्यांचं भाडं आमच्या घरपट्टीतून गेलं होतं.

तेव्हा जे शिकले ते इथे लिहिते. जानेवारी 2026 मध्ये राज्यातल्या 29 महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि बऱ्याच वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर महापौर पुन्हा खुर्चीत बसले. त्यामुळे आता याचा उपयोग होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. आपल्याकडे महापौर चेकवर सही करत नाहीत. मुंबईचा 1888 चा वेगळा कायदा सोडला तर बाकीच्या महापालिका 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात, आणि त्यात कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. खर्चाची मंजुरी स्थायी समिती (निवडक नगरसेवकांची समिती) किंवा महासभा (सगळ्या नगरसेवकांची सभा) देते. म्हणून "महापौरांनी पैसे खाल्ले" असा अर्ज नेला की "महापौरांना खर्चाचे अधिकारच नाहीत" असं एका ओळीचं उत्तर येतं आणि आपण गप्प होतो. महापौरांचा हात दिसतो तो तीन ठिकाणी: त्यांच्या शिफारस पत्रात, महासभेच्या ठरावात आणि फाईलमधल्या टिपणीत, म्हणजे काम का हवं ते लिहून मंजुरी मागणाऱ्या कागदात. तो कागद हातात येईपर्यंत कोणाचंही नाव घेऊ नका.

दुसरं, एकच खर्च धरा. दौरा, गाडी, बंगल्याची डागडुजी, सत्कार, चषक असं सगळं एकदम मागितलंत तर काहीच मिळत नाही. जो खर्च तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय तो निवडा. मला टेम्पो कधी गेला ते माहीत होतं, आणि शेवटी सगळं त्यावरच उभं राहिलं.

आता माहितीचा अधिकार. पण अर्ज टाकण्याआधी फाईल बघून या. राज्य सरकारच्या 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांनाच हे ठाऊक नसतं, म्हणून परिपत्रकाची प्रत बरोबर ठेवा. मी गेले तेव्हा क्रीडा विभागातला लिपिक म्हणाला, "काकू, स्पर्धा छान झाली ना? मग एवढं काय बघायचंय?" मी म्हटलं, "छानच झाली. फाईल द्या." त्याने पांढऱ्या नाडीने बांधलेला गठ्ठा पुढे ठेवला.

फाईल मागून पुढे वाचा. आम्ही हिशेबवाले तसंच करतो. शेवटी देयक म्हणजे बिल असतं, त्याच्या आधी काम झाल्याचा दाखला, त्याआधी कार्यादेश (काम करायचा लेखी हुकूम), मग दरपत्रकं (दुकानदारांनी लिहून दिलेले दर), आणि सगळ्यात आधी टिपणी. देयकातले दिवस आणि नग कार्यादेशाशी जुळतात का, दाखल्यावर तारीख आणि सही आहे का, कुठलं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, घातलंय, हे बघा. बांधकाम असेल तर मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, मागा. एकाच कामाचे तीन-चार तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निविदेच्या मर्यादेखाली बसवलाय का, तेही तपासा. मंडप वेगळा, लाइट वेगळे, खुर्च्या वेगळ्या आणि पैसे घेणारा एकच, असं दिसलं तर तो कागद बाजूला काढा.

माझ्या फाईलमध्ये तीन दरपत्रकं होती. तीन वेगळ्या लेटरहेडवर, तीन वेगळे शिक्के. पण तिन्हींत "मंडप" हा शब्द "मडंप" असा छापलेला. अनुस्वार तिन्ही ठिकाणी एकाच चुकीच्या अक्षरावर. म्हणजे तीन दुकानदारांचे दर एकाच कॉम्प्युटरवर टाईप झाले होते. आणि टिपणीच्या पहिल्याच ओळीत होतं, "मा. महापौर यांच्या पत्रान्वये तातडीची बाब म्हणून". स्पर्धा दरवर्षी त्याच महिन्यात होते, तिच्यात तातडी कसली?

ही "तातडी" नीट ओळखायला शिका. आणीबाणीत निविदेशिवाय काम करून घेण्याची सोय कायद्यात आहे, फाईलवर तिचा उल्लेख 67(3)(क) किंवा 5(2)(2) असा सापडतो. पूर आला, भिंत पडली, तर ती हवीच. चषकासाठी ती वापरलेली दिसली तर प्रश्न तिथेच विचारायचा. तसाच "आयत्या वेळचा विषय": सभेच्या विषयपत्रिकेवर नसलेला, ऐनवेळी आत घेतलेला. म्हणून त्या सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त दोन्ही मागा आणि शेजारी ठेवून वाचा. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात.

पान क्रमांक टिपून झाले की जोडपत्र अ, म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा ठरलेला नमुना, भरा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, हे पाळा, नाहीतर त्याच कारणाने अर्ज परत येतो. "का" विचारू नका, कागद मागा. माझा मजकूर असा होता: "महापौर चषक कबड्डी स्पर्धेच्या खर्चाच्या फाईलमधील टिपणी, मा. महापौर यांचे पत्र, सर्व दरपत्रके, कार्यादेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला व देयके यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात." एवढंच. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

30 दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढे ती फुकट द्यावी लागते. पहिलं अपील 30 दिवसांत, जोडपत्र ब वर, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. माझी माहिती तिथेच, सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळाली. दुसरं अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करायचं, पण तिथे तारीख लागायला फार वेळ जातो. सोमवारी जाऊन फाईल बघा म्हणते ते म्हणूनच.

कागद आले की तक्रार. ती आयुक्तांच्या नावे लिहा, प्रत मुख्य लेखापरीक्षकांना आणि मंत्रालयात नगरविकास विभागाला. लेखापरीक्षकांना विसरू नका. त्यांनी आक्षेप नोंदवला की तो फाईलला चिकटतो आणि उत्तर दिल्याशिवाय निघत नाही. तक्रारीत विशेषणं नकोत. "पान 14 वर पाच दिवस, पान 9 वरील कार्यादेशात तीन दिवस, फरकाची वसुली करावी," असं लिहा. भ्रष्टाचार, चोर हे शब्द टाळा. अब्रूनुकसानीची नोटीस आली की मूळ प्रश्न बाजूला पडतो.

पैसे घेणारी फर्म महापौरांच्या घरातली किंवा भागीदारीतली निघाली, तर बाब वेगळी. महापौर आधी नगरसेवक असतात, आणि पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असेल तर त्याच 1949 च्या कायद्याच्या कलम 10 खाली नगरसेवकपद जाऊ शकतं. तिथे वकील गाठा. लाच मागितल्याचा पुरावा असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. ठराव बेकायदा असेल तर तो कलम 451 खाली विखंडित, म्हणजे रद्द, करण्याची मागणी राज्य सरकारकडे करता येते. तुमच्याकडे नगरपरिषद असेल तर 1965 चा कायदा लागतो: कलम 308 खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, आणि नगराध्यक्षांच्या गैरवर्तनाची तक्रार कलम 55-अ खाली राज्य सरकारकडे जाते.

महासभेत प्रश्न यावा म्हणून मी कागदांचे दोन संच केले. एक विरोधी पक्षाच्या नगरसेविकेला दिला, दुसरा सत्ताधारी पक्षातल्याच आमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला. एकाच बाजूला दिला असता तर ते राजकारण ठरलं असतं. प्रश्न आला त्या दिवशी मी आणि सोसायटीतल्या चार जणी प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो.

दोन दिवसांच्या भाड्याची रक्कम मंडपवाल्याच्या अनामतीतून कापली गेली. दरपत्रकांचं काय झालं याचं उत्तर अजून आलेलं नाही. दुसरी तक्रार त्यावरच केली आहे, आणि येत्या सोमवारी तीन वाजता मी तिची फाईल बघायला जाणार आहे.