गुरुत्वीय भिंग: या चुका टाळा, निदान ती वजाबाकी तरी करू नका

रविवारी सकाळी नाशिकला पंचवटीत माझ्या माडीवर पाच-सहा पोरं जमतात. बहुतेक बी.एस्सी.ची, एखाद-दुसरा इंजिनिअरिंगचा. चहा होतो, वह्या उघडतात, आणि दर वर्षी नवी तुकडी आली की जुनीच चूक माझ्यासमोर मांडी घालून बसते.

चूक अशी. दीर्घिका किंवा दीर्घिकांचा गुच्छ आपल्या गुरुत्वाने मागच्या स्रोताचा प्रकाश वाकवतो, त्यामुळे त्या स्रोताच्या ओढलेल्या किंवा एकाहून जास्त प्रतिमा दिसतात. हेच गुरुत्वीय भिंग, आणि त्याच्या सूत्रात तीन अंतरं लागतात: आपल्यापासून भिंगापर्यंत, आपल्यापासून स्रोतापर्यंत आणि भिंगापासून स्रोतापर्यंत. पहिली दोन कोष्टकातून मिळतात. तिसरं? पोरं सरळ वजाबाकी करून मोकळी होतात. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ते नाशिक रोड या अंतरातून सीबीएस ते द्वारका वजा केलं की द्वारका ते नाशिक रोड उरतं, मान्य. पण तो रस्ता आपण चालत असताना ताणला जात नाही.

या सूत्रातलं अंतर म्हणजे कोनीय व्यास अंतर, वस्तूचा खरा आकार भागिले आपल्याला दिसणारा कोन. ते प्रकाश निघाला त्या वेळच्या विश्वाच्या मापात असतं, आणि भिंगाची वेळ वेगळी, स्रोताची वेगळी. दोन निराळ्या टेपांनी घेतलेली मापं एकमेकांतून वजा कशी करणार? नेहमीचंच सपाट विश्व घ्या: हबल स्थिरांक (विश्व किती वेगाने पसरतंय ते माप) ७०, द्रव्याचा वाटा ०.३. भिंगाची ताम्रसृती (विश्व पसरल्याने प्रकाश लालकडे किती सरकला ते माप) ०.५, स्रोताची २. अंतरं येतात सुमारे १२५९ आणि १७२६ मेगापार्सेक (एक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं). वजाबाकी म्हणते ४६७. खरं उत्तर आहे सुमारे १०९७. वाईट हे की ४६७ हा आकडा दिसायला अगदी सज्जन आहे. त्याच्यावर कोणाला शंका येत नाही, आणि गुच्छाचं वस्तुमान गुपचूप दुपटीहून जास्त होऊन बसतं.

दोन वर्षांपूर्वी एक हुशार पोरगा आला होता. पायथनमध्ये हात चांगला, धीर मात्र नाही. भिंग १ वर, स्रोत ३ वर असं त्याने घेतलं. तिथे गंमत होते: कोनीय व्यास अंतर ताम्रसृती १.६ च्या आसपास सर्वांत मोठं होतं आणि पुढे कमी होत जातं. त्यामुळे त्याची अंतरं आली १६५२ आणि १५९०. वजाबाकी उणे ६२! वर्गमुळात उणे आकडा गेला, प्रोग्रामने हात वर केले. आता इथे शहाण्या माणसाने थांबायचं. या पठ्ठ्याने अ‍ॅब्स लावलं, उणेचं अधिक केलं आणि पुढे गेला. पुढच्या रविवारी उजळलेल्या चेहऱ्याने सांगतो, "सर, या गुच्छात डार्क मॅटर अपेक्षेच्या बारा पट निघतंय!" खरं अंतर ७६४ च्या आसपास. ७६४ भागिले ६२ करून बघा, ते बारा पट कुठून आलं कळेल. प्रोग्राम ओरडून सांगत होता, यानेच त्याच्या तोंडावर हात ठेवला.

उपाय सोपा आहे. सपाट विश्वात भिंगाच्या अंतराला (१ + भिंगाची ताम्रसृती) ने गुणा, (१ + स्रोताची ताम्रसृती) ने भागा, मग ते स्रोताच्या अंतरातून वजा करा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर पेनाने केलेलं १०९७ चं गणित आहे. कोणाचाही नवा प्रोग्राम आला की आधी तो आकडा काढून दाखवायचा, मगच चहा. आमच्या देवळालीच्या गणिती कापरेकरांनी वजाबाकी करत करत ६१७४ गाठला, पण तेही प्रत्येक पायरी कागदावर मांडूनच.

याच घरातली दुसरी चूक: पेपरात आलेली "इतके अब्ज प्रकाशवर्षं" सूत्रात घालणं. तो बहुधा प्रकाशाच्या प्रवासाचा काळ असतो. इथे त्याचा उपयोग नाही.

भिंग म्हटलं की बहिर्वक्र भिंग काढून नाभीय अंतराचं सूत्र लिहिणारेही भेटतात. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात टेबलावर हातभिंग ठेवून शेजारी "गुरुत्वीय भिंग" अशी पाटी लावलेली पाहिली, तेव्हा मला राहवलं नाही. बहिर्वक्र भिंगात मधला किरण सरळ जातो आणि कडेचा जास्त वळतो. इथे उलटं: वस्तुमानाच्या जवळचा किरण जास्त वळतो. सूर्याच्या कडेला घासून गेलेला १.७५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्याच्या दुप्पट अंतरावरून गेलेला निम्मा. म्हणून एक नाभी नसतेच. खरा नमुना हवा तर वाइनच्या ग्लासचा तुटलेला तळ घ्या. दांड्याजवळ जाड, कडेला पातळ. त्यातून कागदावरचा ठिपका पाहा, डोळा नीट जुळला की कडं दिसतं. नाशिकमध्ये असला ग्लास मिळायला अडचण नसावी. माझ्या दप्तरात एक कायम असतो, त्यावरून घरी बोलणीही खाल्ली आहेत.

बाकीच्या चुका झटपट. १.७५ च्या जागी ०.८७ आलं तर तुम्ही न्यूटनच्या गुरुत्वावर थांबलात, आइन्स्टाइनपर्यंत पोचलाच नाहीत. एका रेडियनमध्ये २०६२६५ आर्कसेकंद असतात, विसरू नका. दोन प्रतिमांचे रंग वेगळे दिसले तर आधी धूळ किंवा मधल्या दीर्घिकेचा उजेड तपासा, गुरुत्व रंग पाहून वाकवत नाही. आणि जुलै २०२२ मधल्या जेम्स वेबच्या त्या पहिल्या प्रसिद्ध छायाचित्रात ताऱ्यांना फुटलेले काटे म्हणजे लेन्सिंग नव्हे. ते दुर्बिणीच्या आरशाचे आणि आधारदांड्यांचे प्रताप. लेन्सिंग म्हणजे मागच्या त्या वाकड्या, ओढल्यासारख्या दीर्घिका.

शेवटची चूक उतावळ्यांची. एकाच रात्री दोन प्रतिमांची तेजस्विता जुळली नाही की "या एकाच क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या) नाहीत" म्हणून निकाल देतात. वाटा वेगळ्या, तर पोचायची वेळही वेगळी. सप्तर्षीतला १९७९ साली सापडलेला जुळा क्वेसार घ्या: दोन्ही प्रतिमांचा वर्णपट सारखा, ताम्रसृती १.४१, पण एकीतला चढउतार दुसरीत दिसायला सुमारे ४१७ दिवस लागतात. हा उशीर मोजताना (१ + भिंगाची ताम्रसृती) चा गुणक सोडणारेही आहेतच. रेफ्सडाल नावाच्या अतिनवताऱ्याच्या (स्फोट झालेल्या ताऱ्याच्या) चार प्रतिमा २०१४ मध्ये एका दीर्घिकागुच्छामागे दिसल्या, त्यानंतर तो त्याच गुच्छामागे आणखी एका जागी उगवेल असं गणित करून ठेवलं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये तो तिथे उगवला.