जुन्या पिकअपचे लुकलुकणारे दिवे

माझ्या जुन्या पिकअपचे हेडलाइट काही वेळ चांगले चालत आणि मग अचानक विझून पुन्हा लागत. बल्ब सैल असेल तर दिवा खड्ड्यागणिक थरथरतो; इथे मात्र गाडी उभी असतानाही तेच घडत असल्यामुळे संशय स्विचवर गेला. अशा अनेक गाड्यांच्या स्विचमध्येच प्रवाह तोडणारी द्विधातू पट्टी असते. झिजलेले संपर्क तापले की ती वाकते आणि थंड होताच दिवे परत लागतात. मल्टिमीटरने बॅटरीवर १२.६ व्होल्ट दाखवले, दिव्याच्या टोकाशी जेमतेम ११. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे नुसते नवे दिवे बसवून काहीच साधले नसते.

आधी अर्थिंगच्या बोल्टाखालचा गंज आणि रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर नवी टोके आवळली. मग स्विच बदलला आणि अप्पर-डिपरसाठी वेगवेगळे रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, लावले: बॅटरीकडून फ्यूज घातलेली जाड वायर ३० क्रमांकाच्या पिनला, ८७ मधून दिव्यांकडे, ८५ अर्थला आणि स्विचची जुनी वायर फक्त ८६ ला, जेणेकरून दोन्ही दिव्यांचा दहा-एक अँपिअरचा भार स्विचवर येऊ नये.

सात इंची सीलबंद दिव्यांच्या जागी ६०/५५ वॅटच्या एच४ बल्बचे दिवे बसवले. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसण्याचा मोह टाळलेला बरा; समोरच्याचे डोळे दिपतात, रस्ता मात्र नीट उजळत नाही. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून झोत जुळवले.