सिग्नलला बंद पडणारी सेकंडहँड गाडी: दुरुस्ती कुठून सुरू करायची

सेकंडहँड गाडी बायपासला मस्त पळते, पण पुण्यातल्या विद्यापीठ चौकात ब्रेक दाबून क्लच धरला की इंजिन गप्प. तक्रार घेऊन गॅरेजमध्ये जावं तर आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग पेट्रोल पंप. बिल वाढत जातं आणि गाडी पुन्हा त्याच सिग्नलला मान टाकते. खालचा क्रम इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीसाठी आहे. फुकटच्या तपासण्या आधी, पैसे नंतर.

इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो. अशा वेळी ब्रेक पंप करू नका. दाब धरून ठेवत गाडी कडेला घ्या. दोष सापडेपर्यंत कात्रजचा घाट, दिवेघाट आणि नवले पुलाचा उतार टाळा.

१. कधी बंद पडते ते लिहून ठेवा

पान्याला हात लावण्याआधी काही दिवस नोंद ठेवा. इंजिन गार होतं की तापलेलं? एसी चालू होता का? स्टिअरिंग पूर्ण वळवलं होतं का? नुकतंच पेट्रोल भरलं होतं का? एसी लावल्यावर किंवा क्लच दाबल्यावर आरपीएम घसरून बंद पडत असेल, तर संशय इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीवर. पंपावरून निघताना अडखळत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहत असेल. ब्रेक दाबला की लडखडत असेल, तर बूस्टर किंवा त्याचा पाइप हवा ओढतोय. फक्त तापल्यावर बंद पडून, गार झाल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू होत असेल, तर इंजिनचं फिरणं संगणकाला कळवणारा क्रँक सेन्सर.

बंद पडण्याची तऱ्हाही पाहा. गचके देत, थरथरत बंद पडली तर बहुधा हवा, पेट्रोल किंवा स्पार्कची भानगड. चावी फिरवल्यासारखी एकदम बंद झाली तर वायरिंग, रिले किंवा सेन्सर. गाडी गिअरमध्ये पुढे जात असतानाच आरपीएमचा काटा सटकन शून्यावर आला, तर क्रँक सेन्सर आणि त्याची वायर आधी तपासा.

२. स्कॅनर लावा, कोड पुसू नका

२०१३ नंतरच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली ओबीडी सॉकेट (बिघाडाचे कोड वाचायची जागा) असतं. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल पुरतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०५०६ म्हणजे आयडल (पॅडलवर पाय नसतानाचा इंजिनचा आरपीएम) ठरल्यापेक्षा खाली. कोड म्हणजे दिशा. तो पार्ट बदलायचा हुकूम नव्हे.

जुनी गाडी विकताना कोड पुसून देणं नवीन नाही. ताब्यात घेतल्या घेतल्या स्कॅनरमध्ये बहुतेक मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) ‘अपूर्ण’ दिसले, तर कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. केबलच्या थ्रॉटलवर स्टॉप स्क्रू आत घेऊन आयडल वर चढवून ठेवण्याची युक्तीही चालते. स्क्रूवरचा कंपनीचा रंग उडालेला दिसला की समजून जा.

३. थ्रॉटल बॉडी साफ करा

सर्वात जास्त फायदा इथेच होतो, म्हणून घाई करू नका. पॅडलवरून पाय काढला की थ्रॉटल बॉडीतला बटरफ्लाय (हवेची गोल झडप) जवळजवळ मिटतो आणि उरलेल्या बारीक फटीतून इंजिन श्वास घेतं. त्या कडेवर काजळी आणि तेलाचा थर बसला की फट बुजते. वेगात बटरफ्लाय उघडा असल्याने काही जाणवत नाही.

इंजिन गार, चावी बाहेर. एअर फिल्टरकडून येणाऱ्या पाइपचा क्लॅम्प सैल करून पाइप काढा आणि पिळून पाहा, घडीत चीर गेलेली असते. फिल्टर धुळीने भरला असेल तर बदला. थ्रॉटल बॉडी क्लीनर कपड्यावर फवारून आतली भिंत आणि बटरफ्लायच्या कडा पुसा. थेट आत धार सोडू नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा बटरफ्लाय बोटाने ढकलू नका, आतले गिअर बिघडू शकतात. केबलवाल्या जुन्या गाडीत आयडलचा व्हॉल्व्ह वेगळा असतो. तो काढून फक्त टोक पुसा, मोटरचा भाग भिजवू नका.

जोडल्यावर आयडल थोडा वेळ वेडंवाकडं राहतं, कारण संगणकाला जुन्या घाणीची सवय झालेली असते. काही मॉडेलमध्ये ते आपोआप सुधारतं, काहींना स्कॅनरने रीलर्न द्यावं, म्हणजे आयडल नव्याने शिकवावं लागतं.

४. चोरटी हवा शोधा

बॉनेट उघडून आयडलवर कान द्या. फुसफुस ऐकू आली तर पाइप एकेक करून चिमटा. पीसीव्हीचा पाइप (इंजिनातली वाफ परत आत नेणारा) आणि बूस्टरचा पाइप उन्हाने कडक होऊन तडकतात. स्कॅनरवर आयडलला फ्युएल ट्रिम (संगणकाने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट) अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आलं, तर कुठेतरी हवा शिरते आहे. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा स्प्रे मारून गळती शोधायची गॅरेजी पद्धत आगीला आमंत्रण आहे; त्यापेक्षा स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती पाहणं) करून घ्या. पर्ज व्हॉल्व्ह काढून फुंकून पाहा: वीज न देता त्यातून हवा गेली, तर तो गेला.

५. बॅटरी आणि अर्थिंग

रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. पांढरी बुरशी आलेले टर्मिनल आणि बॉडीला लागणारी अर्थची वायर घासून घट्ट करा.

६. सीएनजी असेल तर

पुण्यातल्या कित्येक जुन्या गाड्यांवर किट असतं आणि तेच निदानाचं सोपं साधन आहे. एक दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर ठीक, गॅसवर बंद: गॅस फिल्टर, रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा) आणि मॅपिंग (गॅस किती सोडायचा याची सेटिंग). गॅसवर ठीक, पेट्रोलवर बंद: वर्षानुवर्षं न वापरलेले इंजेक्टर तुंबलेत किंवा पंपाचा दाब कमी आहे. दोन्हीवर बंद, तर किटला दोष देऊ नका. वरच्या पायऱ्या आणि प्लग-कॉइल पाहा.

पार्ट लागलाच तर नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारात जाताना जुना काढून सोबत न्या आणि त्यावरचा नंबर जुळवा. सेन्सर मात्र कंपनीचा किंवा नावाजलेल्या मेकचाच घ्या. तिथला स्वस्त डुप्लिकेट पुन्हा तापल्यावर दगा देतो आणि तुम्ही निदानच चुकलं समजता.

शेवटची चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा. इंजिन पूर्ण तापवा, एसी आणि हेडलाइट लावा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. बहुतेक चार सिलिंडर गाड्यांत, एसी बंद असताना, आयडल ६५० ते ८५०च्या आसपास असतं. भार आल्यावर काटा क्षणभर दबून वर यायला हवा. तरीही खाली जात असेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) मोजून घ्या, विशेषतः गाडी बरीच वर्षं गॅसवर पळाली असेल तर.