वेक्टर सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय आलेख काढताना : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

वार्षिक अहवाल, शेतीविषयक मासिके आणि सादरीकरणे यांच्यासाठी आलेख काढण्याचे काम जो कोणी करतो, त्याच्याकडे एक मागणी हमखास येते, ती म्हणजे "हा आलेख जरा थ्रीडी करून द्या." ही मागणी गैर आहे असे मला वाटत नाही, कारण छापील पानावर घनाकृती स्तंभ उठून दिसतो आणि वाचकाची नजर तिथे थांबते. मात्र आलेखाला खोली देताना त्याचे प्रमाण हलता कामा नये. सॉफ्टवेअरमधील बटणे थोड्या सरावाने कोणालाही येतात. प्रमाण राखण्याची सवय मात्र पहिल्या आलेखापासून लावून घ्यावी लागते, म्हणून या लेखात मी तिच्यावरच भर देणार आहे.

उदाहरणासाठी महाराष्ट्राची लोकसंख्या घेऊ. जनगणनेनुसार ती १९६१ मध्ये सुमारे ३.९५ कोटी, १९८१ मध्ये ६.२८ कोटी आणि २०११ मध्ये ११.२४ कोटी होती. अडोबी इलस्ट्रेटर या रेषाकृती काढण्याच्या (वेक्टर) सॉफ्टवेअरमध्ये कॉलम ग्राफ टूल घेऊन आर्टबोर्डवर, म्हणजे कामाच्या पानावर, एकदा क्लिक केले की रुंदी आणि उंची विचारली जाते; तिथे उंची १२० मिलिमीटर द्यावी. त्यानंतर उघडणाऱ्या तक्त्यात आकडे भरावेत. वर्षे भरताना ती सरळ दुहेरी अवतरणचिन्हांत घालावीत, नाहीतर १९६१ हा आकडा नाव म्हणून न घेता माहिती म्हणून घेतला जातो आणि लोकसंख्येच्या शेजारी एक प्रचंड स्तंभ उभा राहतो. मग ग्राफ टाइपमधील व्हॅल्यू ॲक्सिसवर जाऊन किमान मूल्य ०, कमाल मूल्य १२ आणि विभाग ६ असे स्वतः ठरवून द्यावे. आता एक कोटी म्हणजे बरोबर १० मिलिमीटर झाले आणि तिन्ही स्तंभांच्या उंची ३९.५, ६२.८ आणि ११२.४ मिलिमीटर ठरल्या. पुढे काहीही केले तरी हे तीन आकडे पट्टीने मोजून पडताळता आले पाहिजेत.

हा सपाट आलेख एका लेअरवर कुलूपबंद करून ठेवावा आणि काम त्याच्या प्रतीवर करावे. प्रत अनग्रुप केली, म्हणजे तिचे भाग सुटे केले, की तिचा तक्त्याशी असलेला संबंध कायमचा तुटतो. इलस्ट्रेटर तशी सूचनाही देतो. आकडे शेवटच्या क्षणी बदलणे हे या व्यवसायात नित्याचेच असल्याने मूळ आलेख जिवंत असणे फार मोलाचे ठरते.

खोली देण्याची पहिली पद्धत हाताने करण्याची आहे आणि नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगतो. स्तंभाची रुंदी १२ मिलिमीटर धरली, तर १९६१ च्या स्तंभासाठी १२ बाय ३९.५ चे दोन आयत आणि माथ्यासाठी १२ बाय १२ चा एक चौरस लागतो. तिन्ही आकृत्या उभ्या दिशेने ८६.६०२ टक्के करायच्या आणि आडवी दिशा १०० टक्के ठेवायची. त्यानंतर उजव्या बाजूच्या आयताला आडव्या अक्षावर ३० अंशांचा शिअर (आकृती एका बाजूला तिरकी सरकवणे) आणि ३० अंशांचे रोटेशन द्यायचे. डाव्या आयताला शिअर आणि रोटेशन दोन्ही उणे ३०. माथ्याला शिअर ३० आणि रोटेशन उणे ३०. स्मार्ट गाइड्स चालू ठेवून कोपऱ्याला कोपरा जुळवला की घन स्तंभ तयार होतो. हे टप्पे ॲक्शन्स पॅनेलमध्ये एकदा नोंदवून ठेवले की पुढचे स्तंभ झटपट होतात.

या पद्धतीत उभी कड मूळ लांबीचीच राहते, हा तिचा खरा गुण आहे. उंची आधी ८६.६०२ टक्क्यांवर येते आणि ३० अंशांच्या शिअरमुळे ती कड तिरकी होऊन पुन्हा पूर्ण लांबीची होते, त्यामुळे रोटेशननंतर सरळ उभी राहिलेली कड मोजली तर ३९.५ मिलिमीटरच भरते. ज्यांनी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंग केले आहे किंवा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी घनभूमितीचा सराव केला आहे, त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. अशा, म्हणजे तिन्ही दिशा सारख्याच मापात दाखवणाऱ्या, आयसोमेट्रिक चित्रणाची रीतसर मांडणी केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये केली, ती यंत्रांची मापे चित्रावरून घेता यावीत म्हणून. आलेखालाही नेमकी तीच गरज असते.

दुसरी पद्धत म्हणजे सपाट आकृतीला आपोआप जाडी देणारा एक्सट्रूड अँड बेव्हल हा तयार इफेक्ट. ऑक्टोबर २०२१ च्या आवृत्तीपासून इलस्ट्रेटरमध्ये थ्रीडी अँड मटेरिअल्स हे नवे पॅनेल आले आणि जुना इफेक्ट थ्रीडी क्लासिक या नावाखाली ठेवला गेला. आलेखासाठी मी अजूनही जुनाच वापरतो, कारण नव्यातील चकाकी आणि सावल्या वस्तूचे चित्र देखणे करतात, पण स्तंभाची कड नेमकी कुठे संपते हे त्यांच्यामुळे धूसर होते. इफेक्ट देण्यापूर्वी स्तंभांचा स्ट्रोक (कडेची रेघ) काढून टाकावा आणि सर्व स्तंभांचा एक ग्रुप करून त्या ग्रुपलाच इफेक्ट द्यावा. प्रत्येक स्तंभाला वेगळा इफेक्ट दिला, तर प्रत्येक जण आपापल्या मध्याभोवती फिरतो आणि सगळ्यांची तळरेषा एक राहत नाही. पोझिशनमध्ये आयसोमेट्रिकपैकी एक पर्याय घ्यावा आणि पर्स्पेक्टिव्ह शून्यावरच ठेवावे. या इफेक्टमध्ये आकृती खरोखर फिरवली जात असल्याने सर्व लांबी सुमारे ८२ टक्के होते, म्हणजे ११२.४ चा स्तंभ ९२ मिलिमीटरच्या आसपास भरतो; तिन्ही स्तंभ सारख्याच प्रमाणात आखूड होत असल्याने तुलना बिघडत नाही, मात्र अक्षावरची मोजपट्टीही त्याच प्रमाणात लहान करावी लागते. पर्स्पेक्टिव्हचा आकडा वाढवला की जवळचा स्तंभ मोठा आणि लांबचा लहान दिसू लागतो, आणि मग कुठलीच मोजपट्टी उपयोगाची राहत नाही.

एवढी काळजी घेऊनही एक दोष शिल्लक राहतो आणि तो माथ्यात असतो. १२ मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा आयसोमेट्रिक माथा कागदावर आणखी १२ मिलिमीटर उंची घेतो. त्यामुळे १९६१ चा स्तंभ एकंदर ५१.५ आणि २०११ चा १२४.४ मिलिमीटर उंच दिसतो. लोकसंख्या प्रत्यक्षात २.८५ पट झालेली असताना डोळ्याला मात्र २.४ पटच भासते. स्तंभ जितका रुंद आणि बुटका, तितकी ही फसगत मोठी. म्हणून स्तंभ सडपातळ ठेवावेत, माथ्याचा रंग दोन्ही बाजूंपेक्षा स्पष्टपणे फिका घ्यावा आणि आकडा माथ्यावर न लिहिता समोरची उभी कड जिथे संपते त्या पातळीवर लिहावा. स्तंभांची मांडणीही मी ३० अंशांच्या तिरप्या रेषेवर करत नाही; सर्वांचा पुढचा खालचा कोपरा एकाच आडव्या रेषेवर टेकवतो, म्हणजे मागच्या आडव्या रेषांवरून वाचन सरळ होते. रंग ग्लोबल स्वॉच म्हणून घेऊन त्याच्या तीन छटा तीन बाजूंना दिल्या, तर पुढे रंग बदलायला एक क्लिक पुरते.

वृत्तालेख (पाय चार्ट) त्रिमितीय करू नये, असे माझे ठाम मत आहे. आयसोमेट्रिक माथ्यावर वर्तुळाची लंबवर्तुळाकार चकती होते आणि कोन बदलतात. अगदी समोर असलेला २५ टक्क्यांचा भाग १२० अंशांचा दिसतो, तर बाजूला असलेला तितकाच भाग ६० अंशांचा. शिवाय चकतीची जाडी फक्त पुढच्या भागांनाच मिळते. ग्राहकाला या दोन कोनांचे रेखाटन करून दाखवले की तो बहुतेक वेळा स्तंभालेखाला तयार होतो.

तिसरी मिती खरोखर लागते, ती माहितीतच तीन चल असतात तेव्हा. इटालियन संख्याशास्त्रज्ञ लुइजी पेरोत्सो यांनी १८८० च्या सुमारास स्वीडनच्या १७५० ते १८७५ या काळातील लोकसंख्येचा जो आलेख केला, त्यात एका अक्षावर वर्षे, दुसऱ्यावर वय आणि उंचीवर माणसांची संख्या होती. असा आलेख सपाट करणे अवघड असते. तरीही पुढची रांग मागच्या रांगेला झाकतेच, त्यामुळे कमी उंचीच्या रांगा पुढे येतील अशी दिशा निवडणे हे अशा कामातले पहिले पाऊल ठरते.

ज्यांना इलस्ट्रेटरचे शुल्क परवडत नाही, त्यांनी इंकस्केपवर शिकावे. ते मोफत आहे आणि या कामाला पुरेसे आहे. त्यात ॲक्सोनोमेट्रिक ग्रिड (तिरप्या रेघांची जाळी) आधीच ३० अंशांवर बसवलेली मिळते आणि तिच्यावर थेट रेघा ओढून स्तंभ करता येतात. थ्रीडी बॉक्स टूल आकर्षक आहे, पण ते पर्स्पेक्टिव्हवर चालते. आलेखासाठी वापरायचे तर टूलबारवरील बटणांनी तिन्ही दिशा समांतर करून घ्याव्यात.

मराठी अक्षरे इलस्ट्रेटरमध्ये तुटून दिसत असतील, तर टाइप प्रेफरन्समधून इंडिक पर्याय चालू करून परिच्छेदाला दक्षिण आशियाई लिपींसाठीचा कंपोझर (अक्षरजुळणीची पद्धत) निवडावा, म्हणजे जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर येतात. अक्षरांना कधीही खोली देऊ नये. ती सपाट आणि आडवीच वाचली जातात.

छपाईला फाइल देताना इफेक्ट एक्सपांड करून (साध्या आकृत्यांत बदलून), फॉण्ट आउटलाइन करून (अक्षरांच्या आकृत्या करून) पीडीएफ द्यावी आणि एक्सपांड न केलेली फाइल स्वतःकडे जपून ठेवावी. नोकरीसाठी कामांचा संच दाखवताना मात्र एका पानावर सपाट आलेख, त्याचा त्रिमितीय अवतार आणि शेजारी आकड्यांचा तक्ता अशी मांडणी करावी. चांगला कलासंपादक हातात पट्टी घेऊन स्तंभ मोजून पाहतो, आणि मोजमाप जुळले तर पुढचे बोलणे लगेच कामाच्या तपशिलावर येते.