जुना फ्लॅट, मोजके पैसे: इंटिरियर डिझायनर निवडताना या चुका टाळा

पंचवीसएक वर्षांपूर्वी घेतलेला वन किंवा टू बीएचके. जीआय पाइप आतून गंजलेत, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला पोपडे आलेत, ओट्याखालची शटरं फुगलीत, मुलांना अभ्यासाला कोपरा हवाय आणि हातात आहेत सात-आठ लाख रुपये. डोंबिवली, ठाणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कुठल्याही जुन्या सोसायटीत अशी घरं सापडतील. अशा कामाला डिझायनर घ्यायचा की सरळ मिस्त्रीला बोलवायचं, यावर घरात आधी वाद होतो. फक्त एक कपाट आणि टीव्ही युनिट करायचं असेल, तर चांगला सुतार पुरतो. पण नळ, वायरिंग, लादी, फर्निचर असं सगळंच निघणार असेल, तर पैसे कमी असणाऱ्यालाच डिझायनरची गरज जास्त असते. चुकलेलं काम तोडून पुन्हा करायला त्याच्याकडे दुसऱ्यांदा पैसे नसतात. फक्त हा माणूस निवडताना आपण नको ते बघतो आणि हवं ते विचारत नाही.

थ्रीडी चित्रांवर भाळणं

पहिल्या भेटीत लॅपटॉपवर चकचकीत थ्रीडी चित्रं दिसतात. लपवलेले दिवे, संगमरवरासारखी भिंत, कुठे एक वायर दिसत नाही. चित्र सुंदर असण्यात काही गैर नाही, पण त्यावरून मिस्त्रीला काम करता येत नाही. त्याला मापांसकट ड्रॉइंग लागतं: कुठला स्विचबोर्ड जमिनीपासून किती उंचीवर, गीझरचा पॉइंट कुठे, सिंकचा पाइप कुठून बाहेर पडणार, कपाटाच्या आतले कप्पे किती इंचांचे. आधी केलेल्या कामांचे फोटो नव्हे, तर अशा ड्रॉइंगचा एक संच दाखवायला सांगा. तो नसेल तर काम साइटवर तोंडी ठरतं आणि तोंडी ठरलेलं प्रत्येक काम नंतर 'एक्स्ट्रा' म्हणून बिलात येतं.

दुसरी विनंती करा: दोन-तीन वर्षांपूर्वी पूर्ण केलेलं एखादं घर दाखवा. गेल्या महिन्यात झालेलं घर सगळ्यांचंच छान दिसतं. जुन्या घरात गेलात की सिंकखालचं शटर उघडा, ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, बाथरूमच्या चौकटीचा खालचा भाग बघा. आणि घरमालकांना विचारा, ठरलेली रक्कम किती होती आणि शेवटी किती गेली. हा प्रश्न डिझायनर बाजूला नसताना विचारावा.

कार्डावरचं पद खरं धरून चालणं

'आर्किटेक्ट' हे पद १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने संरक्षित आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही आणि ती नोंदणी तपासता येते. इंटिरियर डिझायनरला मात्र अशी सक्तीची नोंदणी नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही या व्यवसायातली जुनी संस्था आहे, पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. म्हणजे कोर्स केलेला, न केलेला, कालपर्यंत लॅमिनेट विकणारा, कोणीही स्वतःला डिझायनर म्हणवू शकतो. महारेराचाही इथे उपयोग नाही. ते प्राधिकरण बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे, तुमच्या घरातल्या फर्निचरसाठी नाही. त्यामुळे शिक्षण, आधीची कामं आणि लेखी करार, हे तिन्ही तुम्हालाच तपासावं लागतं.

फी कशी घेतो हेही पहिल्याच भेटीत विचारा. कोणी चौरस फुटावर घेतो, कोणी ठोक रक्कम, कोणी एकूण खर्चाच्या टक्क्यांवर. बजेट घट्ट असताना टक्केवारी मला पटत नाही, कारण खर्च वाढला की फीही वाढते आणि खर्च आटोक्यात ठेवण्याची काळजी तुम्हा एकट्यालाच उरते. ठोक रक्कम ठरवा आणि तिच्यात साइटवरच्या किती भेटी धरल्यात ते लिहून घ्या. बरेच टाइल्सवाले, प्लायवाले डिझायनरला कमिशन देतात, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा माल कुठून घ्यायचा ते तुम्ही ठरवणार आणि बिल तुमच्या नावावर येणार, एवढं आधीच बोलून घ्या.

कोटेशनची फक्त शेवटची ओळ बघणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. तीन कोटेशनं येतात: ७ लाख, ८ लाख २०, ९ लाख. आपण सात लाखवाल्याला फोन लावतो. पण ती तीन कोटेशनं एकाच कामाची नसतात.

एक कपाट घ्या. उंची ७ फूट, रुंदी ६ फूट, म्हणजे समोरून ४२ चौरस फूट. समजा एकाने १,५०० चा दर लावला, ६३,००० झाले. दुसऱ्याने १,२५० लावला, ५२,५०० झाले. साडेदहा हजार वाचले असं वाटतं. आता विचारा: आतून लॅमिनेट आहे का, की नुसता रंग मारणार? पाठीमागचं प्लाय ६ मिमीचं की त्याहून पातळ? ड्रॉवर किती आणि चॅनल सॉफ्ट-क्लोज की साधे? हँडल, कुलूप, वरच्या माळ्याची शटरं धरलीत का? स्वस्त दरात यातलं बरंचसं बाहेर असतं आणि काम अर्ध्यावर आल्यावर एकेक आत येतं. किचनमध्ये याहून गोंधळ. एक जण रनिंग फुटावर, म्हणजे लांबीवर दर देतो, दुसरा समोरच्या चौरस फुटावर, तिसरा खोक्यांच्या संख्येवर. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही. म्हणून कामांची यादी तुम्हीच बनवा आणि तिघांनाही त्याच यादीवर, त्याच मापपद्धतीने दर भरायला सांगा.

मालाचं नाव नीट लिहून घ्या. 'ब्रँडेड प्लाय' याला काही अर्थ नाही. साध्या वापराच्या प्लायमध्ये एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) अशा ग्रेड बाजारात मिळतात. एमआर दमटपणा थोडाफार सोसतं, पाणी नाही. ते बेडरूमच्या कपाटाला चालतं. किचनला किमान बीडब्ल्यूआर हवं आणि सिंकखाली आयएस ७१० या भारतीय मानकाचं, म्हणजे ज्याला बाजारात मरीन म्हणतात ते. तिथे पार्टिकल बोर्ड लावला तर एका गळक्या नळाने तो फुगतो आणि फुगलेला बोर्ड परत बसत नाही. प्लायवर '७१०' असा शिक्का कोणीही मारू शकतो, म्हणून आयएसआय चिन्हाबरोबर छापलेला सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघा. प्लाय साइटवर उतरताना स्वतः हजर राहा आणि शिक्क्याचा फोटो घ्या. कापून लॅमिनेट चिकटवल्यावर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

आणि कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' आहे का ते बघा. मजुरी आणि माल मिळून ठेका दिला तर साधारणपणे १८ टक्के लागतो. आठ लाखांवर १ लाख ४४ हजार. बजेट ठरवताना हे धरलेलंच नसतं. मग तिथूनच "बिल नको, कॅश द्या, अठरा टक्के वाचवू" असं सुरू होतं. ते मान्य केलंत तर उद्या काम बिघडल्यावर तुमच्या हातात कागद नसतो. कर वाचवायचाच असेल तर काम कमी करा, बिल सोडू नका.

दिसणाऱ्या गोष्टींना आधी पैसे देणं

पहिल्या भेटीत डिझायनर काय विचारतो, यावर मी माणूस ओळखते. "हॉलला फॉल्स सीलिंग कुठलं हवं?" असं विचारणारा आणि "खालच्या मजल्यावर गळती आहे का, मेन बोर्ड बघू का, पाइप कधी बदलले?" असं विचारणारा, यातला दुसरा तुमच्या कामाचा. जुन्या घरात पैशांची रांग लागते ती अशी: आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, मग पाइप, मग वायरिंग, मग किचन. फॉल्स सीलिंग अगदी शेवटी. छताची उंची नऊ-साडेनऊ फूट असेल तर माझ्या मते नकोच.

वॉटरप्रूफिंग झालं की लादी बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी साठवून किमान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. ही चाचणी करारात लिहा, कारण घाईत सगळ्यात आधी तीच गळते. वायरिंगमध्ये एसी आणि गीझरला ४ चौरस मिमीची स्वतंत्र लाइन आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, ते बघा. शॉक लागला तर वीज तोडणारं तेच साधन आहे.

ओट्याची उंचीही इथेच सांगते. ठरावीक मापावर 'हो' म्हणू नका. घरात जी व्यक्ती रोज पोळ्या लाटते, तिला उभं करून माप घ्या. अडीच इंचांच्या फरकाने पाठ धरते आणि ग्रॅनाइट एकदा बसला की हलत नाही.

सोसायटीला शेवटी विचारणं

डिझायनर तुम्हाला सहसा विचारणार नाही, पण सगळ्याच्या आधी तुम्हीच बघा: सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा आहे का? सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं वाचा, सेक्रेटरींशी बोला. दोन वर्षांत इमारत पाडायची असेल तर आठ लाखांचं फर्निचर भिंतीत बसवणं वेडेपणा आहे. अशा वेळी गळती थांबवा, रंग द्या, जे फर्निचर कराल ते उचलून नेता येईल असं करा.

मग परवानगी, अनामत, कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर. डेब्रिज कोण उचलणार आणि कोणाच्या पैशाने, तेही लेखी हवं. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही, हे आता बहुतेकांना कळतं. पण अनेक नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या भिंती असतात, आतून सगळ्या काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या. "ही भिंत काढून किचन ओपन करू" असं जो ड्रॉइंग न बघता म्हणतो, त्याला तिथेच नमस्कार करा.

दिवाळीची तारीख

"दिवाळीपर्यंत करून देतो" या वाक्याला भुलू नका. पावसाळ्यात काम काढलं तर पुट्टी वाळत नाही आणि प्लाय ओल धरतं. त्याच वेळी गणपती-दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच घर हवं असतं, म्हणून एक मिस्त्री चार साइटवर फिरतो. सुतारकाम करणारे बरेचसे कारागीर राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारचे. होळीला, छठला ते गावी जाणारच आणि त्यात त्यांची काही चूक नाही. दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपणारं काम मला सगळ्यात सुरळीत वाटतं.

पैसे तारखेवर देणं

हप्ते तारखेला नव्हे, कामाला बांधा. प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगची चाचणी झाली, इतके. वायरिंग तपासलं, इतके. फर्निचरचे सांगाडे उभे राहिले, इतके. शेवटचे दहा टक्के सगळ्या त्रुटी निघेपर्यंत हातात ठेवा. सुरुवातीलाच निम्म्याहून जास्त मागणारा मोठ्या नावाचा असला तरी मी पुढे जाणार नाही. शिवाय बजेटच्या दहा टक्के रक्कम त्याला न सांगता बाजूला ठेवा. जुनी लादी उचलल्यावर खाली काय निघेल ते आधी कोणालाच माहीत नसतं.

आधीच अडकला असाल तर

पैसे बरेच गेले, काम थांबलं, फोन उचलला जात नाही. पुढचा हप्ता देऊन काम सुरू होईल या आशेवर राहू नका. आधी झालेल्या कामाचं माप घ्या: कुठलं किती पूर्ण, किती अर्धवट, साइटवर माल किती पडलाय. फोटो तारखेसकट ठेवा. मग त्या यादीसह ईमेल करा, उरलेलं काम किती दिवसांत होणार ते लेखी मागा. फोनवर काही ठरलं तर लगेच व्हॉट्सॲपवर "आज असं ठरलं" म्हणून लिहून टाका. नवा मिस्त्री लावण्याआधी हे सगळं व्हायला हवं, नाहीतर कोणाचं काम कुठलं हे नंतर सिद्ध करता येत नाही.

तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि नोटीस पाठवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ५० लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारी तिथे चालतात, ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, आणि वाद उद्भवल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वकील सक्तीचा नाही. करार, कोटेशन, बिलं, बँकेतून दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि ते फोटो एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून घेऊन जा.