फूड पँट्रीत पहिल्यांदा जाताना: न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांसाठी

लेऑफचं पत्र आलं की मराठी घरात सगळं ठरलेल्या क्रमाने होतं. आधी बाहेरचं जेवण बंद, मग मुलांचे क्लास बंद, मग किराणा क्रेडिट कार्डावर. कार्डही भरलं की कुणीतरी हळूच विचारतं, "ते पँट्री काय असतं हो?" पँट्री म्हणजे अडचणीतल्या माणसांना किराणा फुकट मिळतो ती जागा. आमच्या गावच्या पँट्रीत शनिवारी फॉर्म भरून घ्यायच्या टेबलावर मी बसते. माझं एकच सांगणं आहे: क्रेडिट कार्डाच्या आधी आमच्याकडे या. किराण्याचे वाचलेले पैसे भाड्याला लागतात. भाडं थकल्यावर आमच्याकडच्या तांदळाने काही होत नाही.

जवळची पँट्री शोधायला फोनवर २११ हा मदतीचा नंबर फिरवा. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालतो. आपला झिप कोड सांगायचा, दुभाषा हवा असेल तर तसं सांगायचं. लोक फूड बँक आणि पँट्रीत गोंधळ करतात. बँक म्हणजे गोदाम. आपल्याकडची सगळ्यात मोठी हिलसाइड गावातली; १९७५ मध्ये कॅथलीन डीकियारा नावाच्या बाईंनी स्वतःच्या गाडीतून किराणा वाटायला सुरुवात केली, त्यातून ती उभी राहिली. तिथला माल चर्च, शाळा, सामाजिक केंद्रं यांच्याकडे जातो, आणि तुम्हाला जायचं ते तिथे. निघण्याआधी फोन करा. बहुतेक पँट्र्या स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. एखादी फक्त मंगळवारी सकाळी उघडते, एखादी महिन्यातून दोनदाच. वेबसाइटवरच्या वेळेवर मी तरी विसंबत नाही.

कागद फार लागत नाहीत. एक फोटो आयडी, पत्त्यासाठी लीज किंवा विजेचं बिल, आणि घरात माणसं किती, त्यांची वयं काय. उत्पन्न बहुतेक ठिकाणी तुम्ही सांगाल तेच लिहून घेतात, खाली सही करायची. मूळ पासपोर्ट घेऊन रांगेत उभं राहू नका, आमच्या फॉर्मवर व्हिसाचा रकानाच नाही. भारतातून आलेले आई-वडील घरात राहत असतील तर त्यांनाही मोजा, तेही जेवतातच. कागद नसतील तरी या. पहिल्या खेपेला रिकाम्या हाताने परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही. पिशव्या मात्र घरून मजबूत आणा, कॅनच्या वजनाने कागदी पिशवी पार्किंगमध्येच फाटते.

आता ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती. भेटेल. मंडळाच्या गणपतीत माझ्या शेजारी आरतीला उभी राहिलेली माणसं माझ्या टेबलासमोर बसली आहेत. आमचा नियम असा की समोरच्याने ओळख दाखवली तरच आपण दाखवायची, आणि तिथलं बाहेर बोलायचं नाही. तरीही नको वाटत असेल तर शेजारच्या गावातली पँट्री बघा. काही ठिकाणी झिप कोडची अट असते, काही ठिकाणी नसते.

सामान घेताना दोन तऱ्हा असतात: कुठे भरलेली पिशवी हातात देतात, कुठे दुकानासारखं फिरून निवडायचं. पिशवी मिळणार असेल तर फॉर्म भरतानाच सांगा. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, आमचे भले आजोबा स्वयंसेवक ट्यूना माशाचा डबा घालून मोकळे होतात. "नो मीट, नो फिश, नो चिकन ब्रॉथ" असं सांगा, अंडं चालत नसेल तर तेही. व्हेजिटेबल सूपच्या डब्यात गोमांसाचा रस्सा असू शकतो, रीफ्राइड बीन्समध्ये (शिजवून घोटलेल्या राजम्यासारख्या बियांत) डुकराची चरबी. लेबल उभ्या उभ्या वाचा, मागे रांग असली तरी. "बेस्ट बाय" उलटून गेली म्हणून कॅन टाकू नका, ती तारीख चवीची असते. बाळाच्या फॉर्म्युल्याची तारीख मात्र काटेकोर पाळा. फुगलेला, किंवा जोडावर चेपलेला कॅन घेऊ नका.

आणि "त्यात आपलं काय असणार" असं म्हणू नका. ब्राउन लेंटिल्स म्हणजे अख्खा मसूर. स्प्लिट पीजची, म्हणजे वाटाण्याच्या डाळीची, गोडा मसाला घालून आमटी झकास होते. कॅनमधले छोले चाळणीत ओतून नळाखाली धुवायचे म्हणजे मीठ उतरतं. पीनट बटर सगळ्यांकडे साचतं. ते दाण्याच्या कुटाऐवजी भरल्या वांग्यांच्या रश्श्यात दोन चमचे घाला. त्यात साखर असते, म्हणून गूळ घालू नका. उन्हाळ्यात कॉलर्ड ग्रीन्सच्या (कोबीच्या कुळातल्या मोठ्या पानांच्या) जुड्या येतात आणि कुणी उचलत नाही. मी सांगते, त्यांची अळूवडी करा. मधली जाड शीर सुरीने तासून टाका, चिंच जरा सढळ घ्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ वाफवा, कारण पान चिवट असतं.

पण पिशवी उचलून लगेच पळू नका. पँट्री सामाजिक केंद्रात असेल तर आत केस वर्कर, म्हणजे अडचण ऐकून योग्य मदतीशी गाठ घालून देणारी बाई, बसते, खरी मोलाची ती. आपली माणसं तिच्या दारावरून मान खाली घालून जातात. तिच्याकडे "थोडी अडचण आहे" असं मोघम बोलू नका. "विजेचं बिल दोन महिन्यांचं थकलंय, ही नोटीस" असं सांगून कागद पुढे ठेवा. तिला तारीख आणि रक्कम कळली की ती फोन उचलते.

तिला काय काय विचारायचं? पाच वर्षांखालचं मूल असेल किंवा गरोदर असाल तर विक (WIC, आई-बाळाच्या पोषणाची सरकारी योजना), त्यात इमिग्रेशन स्टेटस विचारत नाहीत. शाळेतल्या मोफत जेवणाचा फॉर्म वर्षाच्या मध्येही भरता येतो, पगार बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भरा. एकोणीस वर्षांखालच्या मुलांना उत्पन्नाच्या मर्यादेत असाल तर एनजे फॅमिलीकेअर हा राज्याचा आरोग्य विमा मिळतो, २०२३ पासून इमिग्रेशन स्टेटस काहीही असलं तरी. हॉस्पिटलचं बिल आलं असेल तर चॅरिटी केअरचा, म्हणजे बिलात सवलत किंवा माफीचा, अर्ज मागा, न मागता कुणी हातात देत नाही. स्नॅप (SNAP, किराण्यासाठीची सरकारी मदत) एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना आणि त्यांच्या कुटुंबाच्या एच-४ वाल्यांना मिळत नाही, ग्रीन कार्डवाल्या मोठ्यांना साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. पण इथे जन्मलेल्या मुलापुरता अर्ज आई-वडील करू शकतात.

ग्रीन कार्डाचं काय होईल, हे प्रत्येक जण विचारतो. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या पब्लिक चार्जच्या (सरकारवर भार होईल अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारण्याच्या) नियमात पँट्रीतलं अन्न, स्नॅप किंवा विक धरलेलं नाही, घरखर्चाची रोख सरकारी मदत धरली आहे. हे नियम सरकार बदललं की हलतात, म्हणून अर्ज चालू असेल तर सरकारी योजनेचा फॉर्म भरण्याआधी वकिलाला एक ईमेल टाका. डाळ-तांदळाच्या पिशवीसाठी वकील लागत नाही.

घरी आल्यावर जे खाल्लं जाणार नाही ते वेगळं काढून पुढच्या वेळी परत आणा. दाराजवळ त्यासाठी टेबल असतं, आणि तुमचा ट्यूना नेणारं कुणीतरी रांगेत असतंच.