रोजचे जेवण आणि सणाचे ताट : म्युनिकमध्ये नव्याने संसार मांडणाऱ्यांसाठी

म्युनिकला राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सामानात तीन वस्तू मला हटकून दिसतात : चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र आणि मोदकपात्र. त्याच सामानात दोन माणसांपुरता, इंडक्शनवर चालणारा लहान कुकर मात्र बहुधा नसतो. वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या वस्तूंनी बॅगेचा मोठा वाटा अडवलेला असतो आणि जी वस्तू रोज संध्याकाळी लागणार ती पुण्याच्या किंवा सांगलीच्या घरी ओट्यावरच राहिलेली असते. अठरा वर्षांपूर्वी मीही असाच आलो होतो, म्हणून नव्याने येणाऱ्यांना स्वयंपाकाविषयी काही सांगायचे झाले तर मी सुरुवात बॅगेपासूनच करतो.

युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि मांस यांचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत, त्यामुळे घरचे लोणकढे तूप आणि कंदी पेढे तिकडेच राहू द्यावेत. डिसेंबर २०१९पासून ताजी फळे, भाज्या आणि पाने आणण्यासाठीही वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच त्यातून सूट आहे. आईने ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेला कढीपत्ता त्या सुटीत बसत नाही. त्याऐवजी गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर आणावी. हिंग आठवणीने आणावा आणि तो दुहेरी डब्यात बंद करावा, नाहीतर सगळ्या कपड्यांना वर्षभर त्याचा वास राहील.

येथील भाड्याच्या घरांत पुष्कळदा स्वयंपाकघर नसतेच. म्हणजे खोली असते, पण ओटा, बेसिन, शेगडी काहीही नसते. आधीच्या भाडेकरूने ते मागे ठेवले असेल तर त्याला पैसे देऊन विकत घ्यावे लागते. शेगडी बहुधा विजेची असते, ज्योत नसते, त्यामुळे फुलका विस्तवावर फुगवण्याची सवय सोडावी लागते, आणि शेगडी इंडक्शनची असल्यास ॲल्युमिनियमचा कुकर निरुपयोगी ठरतो. फोडणीपूर्वी कोट आणि जाकिटे झोपायच्या खोलीत ठेवून दार लावावे, आणि स्वयंपाक झाल्यावर खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडाव्यात. हिवाळ्यातही असे घर वारवण्याला येथे खास शब्द आहे आणि घरमालक त्याविषयी फार काटेकोर असतात.

आता मुख्य मुद्दा. परदेशी आलेला माणूस घरच्या जेवणाची आठवण काढतो तेव्हा त्याला आठवते ते बहुधा सणाचे ताट असते : डावी-उजवी बाजू भरलेली, कोशिंबीर, चटणी, भजी, दोन भाज्या, वरण-भाताची मूद, शेवटी गोड. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो वरण-भात, पोळी-भाजी आणि रात्रीच्या खिचडीवर. ते रोजचे जेवण इतके सवयीचे असते की त्याची आठवण म्हणून वेगळी नोंदच होत नाही. मग नव्या देशात एकटेपणा दाटून आला की माणूस मंगळवारी संध्याकाळी सणाचे ताट मांडायला निघतो. मी स्वतः पहिल्या हिवाळ्यात कामावरून साडेसहाला येऊन भरली वांगी, मसालेभात आणि मठ्ठा यांच्या मागे लागत असे. जेवायला रात्रीचे साडेदहा वाजत, आणि दहानंतर शांततेची वेळ सुरू झालेली असल्यामुळे वाटण मिक्सरऐवजी टॉवेल अंथरून खलबत्त्यात हळूहळू करावे लागे. एकदा मोठ्या अभिमानाने आईला फोनवर सगळा बेत सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आज कुणी जेवायला आलं होतं का रे?" कोणी आले नव्हते.

या पद्धतीचा शेवट ठरलेला असतो. दोन-तीन महिन्यांत माणूस दमतो, आणि दमल्यावर तो साध्या जेवणाकडे वळत नाही, तर गोठवलेल्या पिझ्झ्याकडे वळतो. कारण त्याच्या मनात स्वयंपाक म्हणजे तीन तासांचे काम हे समीकरण पक्के झालेले असते. नवरा-बायको दोघेही नोकरी करत असतील तर यातूनच बहुतेक भांडणे होतात, आणि माझ्या पाहण्यात ती भांडणे तिखट-मिठावरून नसून एकाच माणसावर पडलेल्या तीन तासांवरून असतात. रोजचा बेत अर्ध्या तासात होणारा ठेवला तर तो कोणीही करू शकतो, आणि ज्याने आयुष्यात कधी कुकर लावलेला नाही असा नवराही पंधरा दिवसांत शिकतो. मी त्याचे जिवंत उदाहरण आहे.

येथील लोकांचे रोजचे जेवण कसे असते, हे पाहून मला धीर आला. जुन्या पद्धतीप्रमाणे गरम जेवण दुपारी एकदाच असते, आणि मोठ्या कार्यालयांत ते उपाहारगृहात मिळते. साडेअकरापासूनच मार्गिकेत भेटणारा प्रत्येक जण "मालत्साइट" म्हणत जातो, त्याचा शब्दशः अर्थ जेवणाची वेळ. रात्री चूल पेटवायची नाही; पाव, लोणी, चीज, काकडी, लोणच्यातली घेरकिन असे थंड जेवण मांडायचे. त्याला उत्तरेकडे आबेंटब्रोट म्हणतात, म्हणजे संध्याकाळचा पाव. पावाविषयीचा या लोकांचा अभिमान असा की २०१४मध्ये जर्मन पावसंस्कृतीची नोंद देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. सुरुवातीला हे जेवण मला उपासासारखे वाटे. पण नीट पाहिले तर शेतावर फडक्यात बांधून नेलेली भाकरी, लसणाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा हे आपले आबेंटब्रोटच आहे. आमच्या घरी आठवड्यातून दोन रात्री राय नावाच्या धान्याच्या काळसर पावावर लोणी आणि वर शेंगदाण्याची चटणी असते, बरोबर टोमॅटो आणि ताक. मुलांना ते फार आवडते आणि ओटा स्वच्छ राहतो.

बाकीच्या रात्रींसाठी काही सोयी लक्षात ठेवाव्यात. तूर आणि मूग यांच्यासाठी भारतीय किंवा श्रीलंकन तमिळ दुकानात जावे लागते, पण सोललेली लाल मसूर कोणत्याही साध्या दुकानात मिळते आणि ती न भिजवता, कुकरशिवाय, वीस मिनिटांत शिजते. आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी मसुराच्या आमटीसारखा आधार नाही. तूर मात्र येथे सतावते. म्युनिकचे पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या खोऱ्यांतून येते, पिण्यास उत्तम आहे, पण चुन्यामुळे जड आहे आणि जड पाण्यात डाळ लवकर गळत नाही. ती तासभर भिजवावी, शिजताना चिमूटभर सोडा घालावा आणि मीठ, चिंच नंतरच घालावी. रविवारी बिनफोडणीचे घट्ट वरण शिजवून लहान डब्यांत गोठवून ठेवले तर तीन संध्याकाळी फक्त फोडणीचे काम उरते.

पोळीविषयी माझे मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो : कामाच्या दिवशी पोळ्या लाटण्याचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नये. धरायचाच असेल तर पीठ समजून घ्यावे. येथील गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम कोरडे पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, याचा तो आकडा आहे, म्हणजे आकडा जितका मोठा तितका कोंडा अधिक. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा. फोलकोर्न, म्हणजे अख्ख्या गव्हाच्या पिठावर, आकडा नसतो. त्याचा कोंडा भरड असल्यामुळे पोळी कडेला चिरते, म्हणून ते आणि ५५० निम्मे-निम्मे घ्यावे, पाणी जरा अधिक घालून कणीक सैल भिजवावी आणि अर्धा तास झाकून ठेवावी.

तुपाची सोय उलट फार चांगली आहे. दुकानात बिनमिठाच्या लोण्याचे दोन मुख्य प्रकार दिसतील, गोड सायीचे आणि आंबवलेल्या सायीचे. दुसऱ्या प्रकारावर झाउअरराम असे लिहिलेले असते. तेच घ्यावे, कारण विरजणाचा तो आंबूस गुण कढवल्यावर तुपात उतरतो आणि घर आपल्या घरासारखे दरवळते. २५० ग्रॅमच्या पुड्यातून साधारण २०० ग्रॅम तूप निघते. बेरीही निघते, आणि ती साखर घालून कोणी खायची यावर आमच्याकडे आजही तंटा होतो. कोलराबी नावाने मिळणारा हिरवा गोळा म्हणजे आपला नवलकोल, आणि तुर्की दुकानांत भेंडी, कोथिंबिरीच्या जाड जुड्या व घट्ट दही मिळते. एवढ्यावर आठवडा निघतो.

पाहुण्यांचे प्रकरण अधिक नाजूक आहे. पहिल्याच वर्षी मी कार्यालयातील चार सहकाऱ्यांना जेवायला बोलावले आणि दोन दिवस खपून अकरा पदार्थ केले. प्रथम कोथिंबीर वडी ठेवली. आधी येते तेच जेवण असे समजून ते पोटभर वड्या जेवले, आणि मग मी वाढलेली ताटे आणल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते मी विसरलेलो नाही. पानात टाकणे त्यांच्याही शिष्टाचारात बसत नसल्यामुळे ते मुकाट्याने जेवत राहिले. महिन्याने त्यांच्यापैकी एकाने मला घरी बोलावले. लाकडी पाटावर पाव, तीन प्रकारचे चीज, लोणी घालून कुस्करलेले तिखटसर चीज आणि पातळ चकत्या करून मीठ लावलेला मुळा, एवढेच मांडले होते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे तेथे, याला ब्रोट्साइट म्हणतात. मला तेव्हा अपमान वाटला, आणि घरी परतून मी भात टाकला, हेही कबूल करतो. पुढे कधीतरी लक्षात आले की त्या संध्याकाळी यजमान चार तास आमच्यासोबत बसून बोलत होता, आणि माझ्या घरी मी मात्र सबंध वेळ ओट्याशी होतो. माझ्या पाहुण्यांशी माझे दहा वाक्येही बोलणे झाले नव्हते. दुपारी काफे आणि केकसाठी बोलावणे आले तर तेथे खरोखर कॉफी आणि केकच असतो, त्यामुळे जेवून जावे.

आपल्या माणसांमध्ये अडचण निराळी आहे. शनिवारी एका घरी आठ पदार्थ झाले की पुढच्या यजमानांना नऊ करावेसे वाटतात, आणि दोन वर्षांत असे होते की कोणालाही बोलावण्याआधी लोक महिनाभर विचार करतात. नवीन आलेल्यांनी या चढाओढीत उतरू नये. आम्ही काही वर्षांपूर्वी शनिवार सोडून दिला आणि मधल्या वारी "पिठलं-भात आहे, या" असे सांगू लागलो. पहिल्यांदा आलेले कुटुंब थोडे बावरले होते. वहिनींनी दोनदा विचारले की काही मदत करू का, कारण आणखी काही शिजत असणार अशी त्यांची खात्री होती. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला वरणफळांना बोलावले.

याचा अर्थ सणही साधे करावेत असा नाही, उलट सण भरपूर करावेत. पुरणपोळी करायची तर सुटी घेऊन, पुरण वाटून, कटाच्या आमटीसह करावी, आणि चार घरांनी एकत्र येऊन करावी. पुरणयंत्र तेव्हा काढावे. आणि बाजारातून पुरणपोळी आणावी लागली तरी अपराधी वाटून घेऊ नये.

शेवटी पहिल्या आठवड्याविषयी. बव्हेरियात दुकाने रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, अगदी अडचण झाली तर मुख्य रेल्वे स्थानकातील दुकानांचा आधार असतो. तुमचे विमान शनिवारी उशिरा उतरणार असेल तर दोन वाट्या आंबेमोहर, वाटीभर मुगाची डाळ, मीठ, हळद आणि मेतकुटाची पुडी बॅगेच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवा, आणि एक लहान पातेलेही. सोऱ्या खाली गेला तरी चालेल.